विश्लेषण : स्पिन नाकारणाऱ्या पाउलींनीच स्पिनचे गणित कसे दिले?

मोलिब्डेनम डायसल्फाइड या अर्धवाहकाचा एकच थर मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही पातळ असतो. त्यातील इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’ या गुणधर्मावर माहिती साठवता येईल का, यावर सध्या संशोधन सुरू आहे. त्यातली समीकरणे वोल्फगांग पाउली यांच्या नावाच्या मॅट्रिक्स वापरून लिहिली जातात. मात्र स्पिनची कल्पना पहिल्यांदा ऐकली, तेव्हा याच पाउलींनी ती उडवून लावली होती.

पाउली कोण होते?

जन्म १९०० चा, व्हिएन्नातला. एकविसाव्या वर्षी त्यांनी सापेक्षता सिद्धांतावर लिहिलेला प्रदीर्घ आढावा खुद्द आइन्स्टाइन यांनी वाखाणला. स्वभाव फटकळ, त्यांच्या टीकेचा सहकाऱ्यांना धाक असे. १९२५ मध्ये त्यांनी ‘विवर्जन तत्त्व’ मांडले. अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांची अवस्था तंतोतंत सारखी नसते, असे ते सांगते. त्यासाठी इलेक्ट्रॉनला आणखी एक गुणधर्म द्यावा लागला, ज्याची किंमत दोनपैकी एकच असू शकते. हे दुहेरीपण कशामुळे येते, याचे चित्र मात्र पाउलींकडे नव्हते.

क्रोनिग यांचे श्रेय कसे हुकले?

ते चित्र त्याच वर्षी जानेवारीत राल्फ क्रोनिग या वीस वर्षांच्या तरुणाने ट्युबिंगनमध्ये त्यांच्यापुढे ठेवले : इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत असावा. पाउलींना ही नुसती चतुराई वाटली. अडचणी खऱ्याच होत्या. एवढासा गोळा तितका फिरवायचा तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा वेगाने जातो; शिवाय वर्णपटाच्या हिशेबात दुपटीची तफावत येत होती. क्रोनिग यांनी ती कल्पना छापलीच नाही.

काही महिन्यांनी लायडनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी तीच कल्पना प्रसिद्ध केली. तेही कचरून टिपण मागे घ्यायला निघाले होते. पण प्राध्यापक एरेनफेस्ट यांनी ते आधीच धाडून दिले होते! १९२६ मध्ये ल्युवेलिन थॉमस यांनी सापेक्षतेच्या आधारे दुपटीचा घोळ मिटवला आणि पाउली नमले. तरी त्यांचा आक्षेप निम्मा बरोबरच होता. इलेक्ट्रॉन गोळ्यासारखा खरोखर फिरत नाही. १९२७ मध्ये पाउलींनी कोणताही गोळा न फिरवता, दोन ओळी व दोन स्तंभांच्या तीन मॅट्रिक्समध्ये स्पिन बसवला.

मग अर्धवाहकांशी संबंध कसा?

पाउलींना अर्धवाहकांचेही वावडे होते. १९३१ मध्ये रुडॉल्फ पायर्ल्स यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या विषयाच्या वाटेला जाऊ नये असे सुचवले; असे पदार्थ असतात तरी का, ही त्यांची शंका. १९४५ चे नोबेल त्यांना विवर्जन तत्त्वासाठी मिळाले. १९५८ मध्ये झुरिकला त्यांचे निधन झाले.

मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरात इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या आलेखावर सारख्याच खोलीच्या दोन ‘व्हॅली’, म्हणजे दऱ्या, असतात. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश उजवा टाकला की डावा, यावर कोणत्या दरीतला इलेक्ट्रॉन उत्तेजित होणार हे ठरते. २०१२ मधील प्रयोगांत हे दिसले. दोन दऱ्यांत स्पिन एकमेकांच्या उलट असल्याने दरी निवडली की स्पिनही निवडला जातो. दरीसुद्धा दोनपैकी एकच असते. त्यामुळे तिचा हिशेबही पाउलींच्याच मॅट्रिक्सने मांडतात.