मुंबईच्या तिजोरीचा राखणदार

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोर १९२३ पासून सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा उभा आहे. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष, नेमस्तांचे अग्रणी, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संस्थापक अशी त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांतून होते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. आयुष्यातील सुमारे चार दशके या माणसाने खर्ची घातली ती एका रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नासाठी. शहराच्या करातून जमा झालेला पैसा कोण खर्च करतो, आणि त्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८६४ साली पदवीधर झाले आणि पुढे एम. ए. झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचे ते आवडते विद्यार्थी. रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांच्या औदार्यामुळे ते कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले, तेथे दादाभाई नौरोजींच्या सहवासात आले आणि १८६८ साली लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन परतले.

ते परतले तेव्हाची मुंबई मोठ्या धक्क्यातून सावरत होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापाराने शहरात पैशाचा पूर आणला होता. १८६५ साली युद्ध संपले आणि शेअरबाजाराचा डोलारा कोसळला. नेमक्या त्याच वर्षी नवा नगरपालिका कायदा अमलात आला. त्यानुसार सर्व 'जस्टिस ऑफ द पीस' मिळून नगरपालिका ठरली. ही सरकारने तहहयात नेमलेली मंडळी होती. प्रत्यक्ष कारभाराची सत्ता मात्र सरकारनियुक्त आयुक्ताच्या एकट्याच्या हाती एकवटली. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड. कर्तबगारी आणि उधळेपणा हे दोन्ही गुण त्यांच्या ठायी भरपूर होते. रस्ते रुंद झाले, गटारे साफ झाली, बाजार उभे राहिले. पूर्वी क्रॉफर्ड मार्केट म्हणून ओळखली जाणारी आजची महात्मा फुले मंडई १८६९ ची आहे. पण पैसा उत्पन्नाच्या मर्यादेत राहिला नाही. कर्ज वाढले, घरपट्टी, दिवाबत्ती आणि पोलिसांच्या करांचा बोजा जाणवू लागला. मंदीत पोळलेल्या घरमालकांचा संयम सुटला. आपल्या पैशाचे काय झाले, हे सांगणारे कोणीच नव्हते. जस्टिस मंडळींना अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार होता. तो गांभीर्याने वापरण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली.

१८७१ साली करदात्यांची चळवळ उभी राहिली. नौरोजी फर्दुनजींसारखे जुने, आदरणीय पुढारी तिच्यात होते. मागणी साधी होती. एकट्या आयुक्ताची सत्ता काढून घ्यावी आणि ती एका नगर समितीच्या हाती द्यावी. अशा वेळी सव्वीस वर्षांच्या तरुण बॅरिस्टरने लोकमताच्या सुरात सूर मिळवला असता तर त्याचा जयजयकार झाला असता. फिरोजशहांनी नेमके उलट केले. नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी एक निबंध वाचला. दोष एका अधिकाऱ्याच्या हाती सत्ता असण्यात नाही, त्याच्यावर नजर ठेवणारे मंडळ कोणालाच उत्तरदायी नाही यात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. समितीच्या हाती अंमल दिला तर जबाबदारी बारा जणांत वाटली जाईल आणि शेवटी कोणाचीच उरणार नाही. अंमल एकाचा असावा, पण तिजोरीची किल्ली करदात्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींकडे असावी. क्रॉफर्ड यांनी शहराचे भले केले, हे सांगायलाही ते कचरले नाहीत. श्रोत्यांना हे रुचले नाही, आणि काही काळ फिरोजशहा लोकांच्या मर्जीतून उतरले.

(याच क्रॉफर्ड यांच्यावर पुढे पुण्यात महसूल आयुक्त असताना लाचलुचपतीचे आरोप झाले. १८८८ च्या त्या चौकशीने महाराष्ट्र ढवळून निघाला आणि मामलेदारांची बाजू घेऊन टिळक मैदानात उतरले. फिरोजशहांनी समर्थन केले होते ते आयुक्तपदाच्या रचनेचे. माणसांच्या प्रामाणिकपणावर विसंबून कारभार चालू नये, हाच तर त्यांचा मुद्दा होता.)

१८७२ चा कायदा बऱ्याच अंशी त्यांच्या विचाराच्या दिशेने गेला. ६४ सभासदांच्या महापालिकेत ३२ जण करदात्यांनी निवडायचे ठरले. आयुक्त राहिला, पण जमाखर्चावर देखरेख करणारी बारा जणांची नगर समिती आली. करदाता म्हणजे कोण, हे मात्र पाहिले पाहिजे. वर्षाला पन्नास रुपये कर भरणाऱ्यालाच मत होते. शहराची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख आणि मतदार काही हजार. गिरणीतला कामगार, चाळीतला भाडेकरू, हमाल यांच्या भाड्यातूनच घरपट्टी भरली जात असे. मतपत्रिकेवर त्यांना जागा नव्हती. फिरोजशहांच्या लोकसत्तेची ही कुंपणे विसरून त्यांचे गुणगान करणे बरोबर नाही.

१८८४ आणि १८८५ या लागोपाठच्या वर्षी ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. १८८५ सालीच काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. पण त्यांच्या नागरी जीवनाचा कळस म्हणजे १८८८ चा मुंबई महापालिका कायदा. विधेयक आले तेव्हा फिरोजशहा आणि तेलंग दोघेही मुंबईच्या कायदेमंडळात होते. आयुक्ताला महापालिकेच्या बरोबरीचे स्थान मिळू नये, अंतिम सत्ता महापालिकेचीच असावी, यासाठी त्यांनी कलमागणिक झुंज दिली. या कायद्यात रोजच्या उपयोगाच्या अनेक गोष्टी आहेत. आयुक्ताकडील दप्तर, पत्रव्यवहार, नकाशे मागवण्याचा हक्क महापालिकेला मिळाला. ठरावीक रकमेपलीकडचे कंत्राट स्थायी समितीच्या मंजुरीवाचून करता येईना. पालिकेसाठी जमीन विकत घ्यायची तर तिच्या दरालाही समितीची मान्यता लागू लागली. महापालिकेच्या कंत्राटात ज्याचा हितसंबंध, त्याला सभासद होण्यास मज्जाव झाला. मताधिकाराची अट तीस रुपयांवर आली. अनेक दुरुस्त्यांसह हाच कायदा आजही मुंबईत लागू आहे.

मग १८९६ साली प्लेग आला. मांडवीत त्याचे निदान केले ते मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. तेही महापालिकेचे सभासद होते आणि पुढे अध्यक्ष झाले. अंधाऱ्या, कोंदट चाळी पाडल्याशिवाय गत्यंतर नाही, असे सरकारच्या मनाने घेतले. पण हे काम महापालिकेकडे न देता १८९८ साली 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' ही वेगळी संस्था उभारण्यात आली. चौदा विश्वस्तांपैकी महापालिकेने निवडायचे केवळ चार. जमिनी संपादन करण्याचे, वस्त्या पाडण्याचे, नवे रस्ते आखण्याचे प्रचंड अधिकार ट्रस्टकडे गेले. महापालिकेच्या आणि सरकारच्या मोकळ्या जमिनीही त्याच्या स्वाधीन झाल्या. भरीस भर म्हणजे करांच्या उत्पन्नातून दरवर्षी त्याला वाटा द्यायचा. पैसा करदात्यांचा, जमीन शहराची आणि निर्णय मात्र शहराला उत्तर न देणाऱ्या मंडळाचा. फिरोजशहांचा विरोध याच मुद्द्यावर होता.

त्या विरोधाला दुसरी बाजूही होती. महापालिकेत घरमालकांचा वरचष्मा होता आणि दाट वस्त्यांची दैना त्यांच्याच डोळ्यांदेखत झाली होती. ट्रस्ट नको म्हणणाऱ्यांपैकी काहींना स्वतःच्या मिळकतीची काळजी अधिक होती, हे नाकारता येत नाही. तरीही ट्रस्टचा पुढचा इतिहास फिरोजशहांच्या शंकेला बळ देणारा ठरला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते झाले. पण पहिल्या वर्षांत पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांहून अधिक होत्या. उठवलेली गरीब कुटुंबे शेजारच्या वस्त्यांत शिरली आणि तेथील गर्दी वाढली. नुकसानभरपाई मिळकतीच्या उत्पन्नावर ठरत असल्याने माणसे कोंबून भाडे खाणाऱ्या मालकाला जास्त रक्कम मिळे. ज्यांची घरे गेली त्यांच्या हाती काहीच पडले नाही.

१९०४ मध्ये फिरोजशहांना 'सर' ही पदवी मिळाली आणि १९०५ मध्ये ते पुन्हा महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचा दबदबा एवढा होता की काही वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी त्यांना पालिकेबाहेर काढण्याचा चंग बांधला. १९०७ साली जस्टिस मंडळींकडून सोळा सभासद निवडायचे होते. या 'कॉकस'ने आपल्या सोळा उमेदवारांची यादी करून मते फिरवली आणि फिरोजशहा सतराव्या क्रमांकावर ढकलले गेले. अधिकाऱ्यांनी निवडणुकीत असा हात घालावा, याचा शहरात संताप उसळला. माधवबागेत मोठी निषेधसभा भरली. पुढे काव्यगत न्याय म्हणावा असे घडले. निवडून आलेल्यांपैकी एकाचा महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले, तो अपात्र ठरला आणि रिकाम्या जागेवर फिरोजशहा परतले. आपणच उभारलेल्या कुंपणाने त्यांचे रक्षण केले.

त्यांचा स्वभाव सत्ता गाजवण्याचा होता. त्यांच्या शब्दापुढे सभागृहात इतरांचे फारसे चालत नसे आणि मुंबईचे अनभिषिक्त राजे हे बिरुद त्यांना कौतुकाने जसे लावले जाई, तसे कुरकुरीनेही. १९११ मध्ये ते अखेरचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या सेंट्रल बँकेचेही ते पहिले अध्यक्ष होते. १९१३ मध्ये त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' सुरू केले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. भारतातील पहिला नगररचना कायदा मुंबई प्रांतात झाला तोही १९१५ सालचाच. त्याने नगररचनेच्या योजना आखण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट मात्र आणखी काही वर्षे चालला. १९३३ साली त्याच्या जमिनी, चाळी आणि कर्जे महापालिकेत विलीन झाली, तेव्हा फिरोजशहांना जाऊन अठरा वर्षे लोटली होती.