यंत्रायंत्रांतून 'सी' नेणारे डेनिस रिची

'सी' भाषेचा श्रीगणेशा करणारा विद्यार्थी पहिल्याच दिवशी 'प्रिंटएफ' हे नाव टंकतो. पडद्यावर मजकूर उमटविणे एवढेच या फंक्शनचे काम. मात्र त्याला एक गोष्ट द्यावी की दहा, यावर बंधन नाही. वरवर किरकोळ वाटणारी ही मुभा एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर नेणे ही 'सी'च्या इतिहासातील एक चिवट डोकेदुखी ठरली. या भाषेचे जनक डेनिस रिची यांच्या कारकिर्दीतील एक मोठा कालखंड याच प्रकारच्या प्रश्नांशी झुंजण्यात गेला.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. वडील ॲलिस्टर रिची हे बेल लॅब्स या विख्यात संशोधन संस्थेत होते आणि स्विचिंग सर्किटवरील एका नावाजलेल्या ग्रंथाचे सहलेखक होते. डेनिस यांनी हार्वर्डमधून १९६३ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे उपयोजित गणिताकडे मोर्चा वळविला. १९६८ मध्ये त्यांचा प्रबंध लिहून तयार झाला, पण डॉक्टरेट काही पदरात पडली नाही. त्याआधीच, १९६७ मध्ये, ते वडिलांच्याच संस्थेत न्यू जर्सीतील मरे हिल येथे रुजू झाले होते.

तेथे 'मल्टिक्स' या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून बेल लॅब्सने १९६९ मध्ये अंग काढून घेतले. हाताशी उरलेल्या पीडीपी-७ या जुनाट यंत्रावर केन थॉम्पसन यांनी युनिक्सचा पाया घातला. थॉम्पसन यांची 'बी' ही भाषा सुटसुटीत होती, परंतु तिला आकडा, अक्षर आणि पत्ता यांत फरकच ठाऊक नव्हता. पीडीपी-११ हे नवे यंत्र आले, त्यात प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता, आणि 'बी' तोकडी पडू लागली. रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात तिला प्रकारांची चौकट दिली आणि 'सी' आकाराला आली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभाच 'सी'मध्ये नव्याने लिहिला गेला. कार्यप्रणाली यंत्रभाषेतच लिहायची असते, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती.

'बी'मधून 'सी'मध्ये आलेल्या वारशात 'प्रिंटएफ'ही होते. पीडीपी-११ वर फंक्शनला दिलेल्या सर्व गोष्टी स्टॅकवर एकाशेजारी एक रचल्या जात. पहिलीचा पत्ता घ्यायचा आणि पुढे सरकत जायचे, की दुसरी, तिसरी, चौथी आपोआप सापडे. वरकड नियमांची गरज नव्हती. एकूण किती गोष्टी आल्या हे सांगणारे 'एनआर्ग्स' नावाचे एक फंक्शनही युनिक्समध्ये होते. ते चक्क बोलावणाऱ्या कार्यक्रमाच्या यंत्रभाषेतील सूचना वाचून अंदाज बांधी. पीडीपी-११ च्या मोठ्या यंत्रांत सूचना आणि माहिती यांच्या जागा वेगळ्या करता येऊ लागल्या आणि ही युक्ती तेथेच निकामी झाली. एकाच घराण्यातील यंत्रांत ही अवस्था, तर परक्या यंत्राची गोष्टच नको.

ते परके यंत्र १९७७ मध्ये आले. रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स अन्यत्र नेण्यासाठी इंटरडेटा ८/३२ हा संगणक निवडला, तो पीडीपी-११ पेक्षा वेगळा होता म्हणूनच. (ऑस्ट्रेलियातील वोलाँगाँग विद्यापीठात त्याच सुमारास इंटरडेटा ७/३२ वर असाच प्रयत्न स्वतंत्रपणे यशस्वी झाला, याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही.) पीडीपी-११ वर साधा पूर्णांक १६ बिटांचा, तर 'लाँग' ३२ बिटांचा होता, नव्या यंत्रावर दोन्ही ३२ बिटांचे. म्हणजे पूर्णांकाच्या जागी 'लाँग' धाडण्याची चूक नव्या यंत्रावर बिनबोभाट खपून जाई आणि जुन्यावर मात्र पुढच्या सर्व गोष्टी एक घर सरकत. बाइटांचा क्रमही उलटा होता. पूर्णांक म्हणून आलेल्या अक्षराचा पहिला बाइट उचलावा, तर एका यंत्रावर अक्षर मिळे आणि दुसऱ्यावर शून्य. जॉन्सन यांनी या चुका हुडकण्यासाठी 'लिंट' हे साधन लिहिले. दोघांचा या विषयावरील प्रबंध १९७८ मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये आला.

त्याच वर्षी ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे 'सी' भाषेवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. कितीही गोष्टी स्वीकारणारे फंक्शन सर्व यंत्रांवर चालेल अशा रीतीने लिहिण्याचा समाधानकारक मार्ग नाही, अशी कबुली या पुस्तकात दिलेली आहे. भाषेचा कर्ताच तिचे उणे वाचकापुढे मांडतो, हे विरळाच. या स्पष्टपणामुळेच पुस्तकाला धर्मग्रंथाचा मान मिळाला असावा. आपल्याकडे पुढे नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी'ने हीच भाषा असंख्य विद्यार्थ्यांच्या दप्तरात पोहोचविली.

ऐंशीच्या दशकात स्पार्क आणि मिप्ससारखे प्रोसेसर आले. त्यांत पहिल्या काही गोष्टी स्टॅकवर न ठेवता रजिस्टरमधून धाडल्या जात, स्पार्कमध्ये सहा. शेजारचा पत्ता शोधत चालण्याला अर्थच उरला नाही. १९८९ च्या अमेरिकी मानकाने यावर तोडगा काढला: फंक्शनच्या घोषणेत तीन टिंबे आणि वाचनासाठी सुरुवात, उचल, समाप्ती अशी तीन ठरावीक साधने. आतली खटपट ज्या त्या कंपायलरने करायची, कार्यक्रम लिहिणाऱ्याने यंत्राच्या पोटात डोकवायचे नाही. मानक समितीच्या कामापासून रिची बरेचसे अलिप्त राहिले. तथापि १९८८ मध्ये 'नोअलायस' या प्रस्तावित शब्दाविरुद्ध त्यांनी कडक पत्र लिहिले आणि समितीला तो मागे घ्यावा लागला.

तोडग्याने सारे प्रश्न मिटले नाहीत. एक्स८६-६४ प्रोसेसरवर, युनिक्स परिवारात, सहा पूर्णांक आणि आठ दशांश संख्या रजिस्टरमधून जातात. त्यामुळे वाचनाची खूण हा साधा पत्ता राहिला नाही, तर २४ बाइटांची रचना झाली. ती बरोबरीच्या चिन्हाने उतरवून घेता येत नाही, म्हणून १९९९ च्या मानकात नकलेसाठी स्वतंत्र साधन द्यावे लागले. ॲपलने २०२० मध्ये मॅकसाठी आणलेल्या एआरएम प्रोसेसरवर टिंबांतून येणाऱ्या साऱ्या गोष्टी पुन्हा स्टॅकवरच जातात. फंक्शन चुकीच्या घोषणेने बोलावणारे जुने कार्यक्रम तेथे कोसळतात. किती गोष्टी आल्या आणि कोणत्या प्रकारच्या, हे फंक्शनला आजही कळत नाही. ते मजकुरातील टक्क्याच्या खुणांवर विसंबते. या भाबड्या विश्वासाचा गैरफायदा घेऊन २००० मध्ये अनेक सर्व्हर फोडण्यात आले. प्रोग्रामरवर भरवसा टाकण्याच्या 'सी'च्या वृत्तीची ही किंमत होती.

रिची आणि थॉम्पसन यांना १९८३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि २०११ मध्ये जपान पुरस्कार. प्लॅन ९ आणि इन्फर्नो या कार्यप्रणालींतही त्यांचा वाटा होता. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कले हाइट्स येथील घरी ते मृतावस्थेत आढळले. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांचे निधन होऊन त्या वेळी आठवडाच उलटला होता. त्या शोकाच्या गदारोळात रिची यांच्या जाण्याची बातमी बरीचशी झाकोळली गेली. हार्वर्डचा त्यांचा प्रबंध संगणक इतिहास संग्रहालयाने २०२० मध्ये खुला केला. तीन टिंबांआधी किमान एक नाव हवेच, ही १९८९ पासूनची अट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या 'सी' मानकाने काढून टाकली.