माचू पिचूची वाट आणि हायरम बिंगहॅम



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी प्रत्येकानं एका नामांकित व्यक्तीचं चरित्र लिहायचं ठरलं. बहुतेकांनी आपल्याकडची माणसं घेतली. मी लांबचा माणूस घेतला. त्यांचं नाव हायरम बिंगहॅम. त्यांना थोर म्हणावं की नुसतं धाडसी म्हणावं, हे माझं अजून पक्कं ठरलेलं नाही. पण त्यांची हकिकत ऐकण्याजोगी आहे, म्हणून लिहिते.

बिंगहॅम यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८७५ रोजी हवाई बेटांवर होनोलुलू या गावी झाला. आजोबांचं नाव हायरम, वडिलांचं हायरम आणि मुलाचंही हायरमच! आजोबा आणि वडील दोघंही ख्रिस्ती मिशनरी होते. घरात शिस्त कडक आणि पैसा बेताचा. मुलाचं मन मात्र घरात रमेना. बारा वर्षांचा असताना त्यानं साठवलेले पैसे घेऊन जहाजानं अमेरिकेला पळून जायचा बेत केला होता. तो बेत फसला. पुढे रीतसर शिकायलाच ते अमेरिकेला गेले. १८९८ साली येल विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९०५ साली हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टर झाले. हे डॉक्टर म्हणजे औषध देणारे नव्हेत, इतिहासाचे. मधे १९०० साली त्यांचं लग्न झालं. बायको आल्फ्रेडा एका फार श्रीमंत जवाहिऱ्याची नात. त्यांना सात मुलगे झाले.

येल विद्यापीठात ते दक्षिण अमेरिकेचा इतिहास शिकवू लागले. पण त्यांना वर्गात बसून शिकवण्यापेक्षा ज्या वाटेनं सैन्यं गेली ती वाट स्वतः तुडवावी असं वाटे. त्याआधीच १९०६-०७ साली ते व्हेनेझुएला आणि कोलंबिया या देशांत बोलिव्हार या सेनापतीच्या मार्गानं फिरले होते. पुढे १९०९ साली पेरू देशात गेले. (हा पेरू खायचा नव्हे. दक्षिण अमेरिकेच्या नकाशात डाव्या अंगाला पाहा, समुद्राला लागून आहे.) तिथल्या एका प्रांताच्या अधिकाऱ्यानं त्यांना चोकेकिराव नावाचे जुने अवशेष पाहायला चला म्हणून गळ घातली. नावामागं डॉक्टर आहे म्हणजे साहेबांना जुन्या भिंतींतलं सगळं कळत असणार, असं त्या अधिकाऱ्याला वाटलं. खरं तर बिंगहॅम यांना त्यातलं फारसं काही येत नव्हतं. पण तिथं गेले आणि त्यांना इंका लोकांचं वेड लागलं ते लागलंच.

इंका कोण, हे थोडं सांगते. अँडीज नावाच्या प्रचंड डोंगररांगेत त्यांचं राज्य होतं. राजधानी कुस्को. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं, गाडीचं चाक नव्हतं, लिहायला अक्षरं नव्हती. हिशेब ठेवायचे ते दोऱ्यांना गाठी मारून. ओझं वाहायला माणसं, नाहीतर लामा नावाचं उंटाच्या जातीचं छोटं जनावर. तरीही त्यांनी दगड असे घासून बसवले, की मधे चुना नाही, माती नाही, आणि फटीत सुरीचं पातं जात नाही. डोंगरातून हजारो किलोमीटर फरसबंदी वाटा काढल्या. १५३२ साली स्पॅनिश लोक आले आणि राज्य बुडालं. उरलेले इंका विल्काबांबाच्या डोंगरात शिरले आणि तिथून लढत राहिले. १५७२ साली त्यांचा शेवटचा राजा तुपाक अमारू पकडला गेला आणि कुस्कोत त्याला ठार मारलं. त्या डोंगरातली शेवटची राजधानी कुठं होती, हे बिंगहॅम यांना शोधायचं होतं.

१९११ साली ते येल विद्यापीठाची मोहीम घेऊन कुस्कोला आले. उरुबांबा नदीच्या काठानं खडक फोडून खेचरांची नवी वाट काही वर्षांपूर्वीच झाली होती. त्या वाटेनं जाता जाता २३ जुलैला मंदोरपंपा या जागी त्यांचा मुक्काम पडला. जवळच मेल्चोर अर्तेआगा नावाचा शेतकरी राहायचा. त्यानं सांगितलं, की नदीपलीकडच्या डोंगरावर चांगले अवशेष आहेत.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २४ जुलैला, सकाळपासून थंडी आणि झिमझिम पाऊस. अर्तेआगा आपल्या झोपडीतून बाहेर पडेना. बिंगहॅम यांनी त्याला चांदीचं एक नाणं देऊ केलं. ती मजुरी तिथल्या रोजच्या मजुरीच्या कितीतरी पट होती. तेव्हा तो निघाला. मोहिमेतले बाकीचे मात्र आले नाहीत. एकाला नदीकाठी फुलपाखरं जास्त मिळत होती आणि मोहिमेच्या डॉक्टरांना कपडे धुवायचे होते! मला या गोष्टीचं फार हसू येतं. जगभर गाजणारी जागा दोन तासांच्या अंतरावर होती आणि हे बसले कपडे धूत. शेवटी बिंगहॅम, अर्तेआगा आणि सरकारनं सोबत दिलेला सार्जंट कारास्को असे तिघंच निघाले. बिंगहॅम यांना तिथली केचुआ भाषा येत नव्हती. कारास्कोला येत होती, म्हणून बरं झालं.

नदीवर पूल कसला, तर चारसहा बारीक ओंडके वेलींनी बांधलेले, आणि खाली पाणी उसळतंय. अर्तेआगा आणि कारास्को चपला काढून अनवाणी पायांनी पलीकडे गेले. बिंगहॅम चक्क हातापायांवर रांगत गेले. मग उभा चढ. कुठं कुठं चार पायांनी चढावं लागे. या अंगाला विषारी साप फार, असं अर्तेआगा सांगत होता. साधारण दीड तासानं वर एक झोपडी लागली.

तिथं रिचार्ते आणि आल्वारेस अशी दोन कुटुंबं चार वर्षांपासून शेती करत होती. त्यांनी पाहुण्यांना भोपळ्याच्या तुंब्यातून गार पाणी दिलं आणि उकडलेली रताळी दिली. (आपण उपासाला रताळं आणि बटाटा खातो, ते दोन्ही कंद मूळचे अमेरिकेकडचेच, आपल्याकडे समुद्रावरून आले.) इंकांनी बांधलेल्या पायऱ्यांच्या शेतांत ती माणसं मका, बटाटे, ऊस, मिरच्या लावत होती. इतक्या उंच का राहायचं? तर इथं करवसुलीवाले येत नाहीत आणि सैन्यात पकडून नेणारेही येत नाहीत. माझ्या मनात येतं, साहेबांना रताळी देताना त्यांना कुठं माहीत होतं, की हा माणूस त्यांची लपायची जागा साऱ्या जगाला सांगणार आहे.

अर्तेआगा थकला होता आणि ओळखीच्या माणसांशी बोलत बसला. म्हणून पुढची वाट दाखवायला त्या घरातला एक लहान पोरगा पाठवला. आपल्या शाळेतल्या पोरांएवढाच असेल. पुढं पोरगा, मागं साहेब. शेतांच्या उंच उंच पायऱ्या ओलांडल्या, झाडीत शिरले, आणि बांबू व वेलींच्या आड पांढऱ्या दगडांच्या भिंती दिसू लागल्या. पोरानं एक गुहा दाखवली, त्यावरची गोल भिंत दाखवली, मग तीन खिडक्यांचं देऊळ दाखवलं. बिंगहॅम थक्क झाले. त्यांनी फोटो काढले, मापं घेतली. ती नगरी म्हणजे माचू पिचू. केचुआ भाषेत याचा अर्थ जुनं शिखर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २४३० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, यावरून अंदाज करा.

आता माचू पिचूचा शोध कुणी लावला, असं विचारलं तर अनेक पुस्तकांत बिंगहॅम हे उत्तर मिळतं. मला ते पुरतं पटत नाही. तिथं माणसं राहत होती, शेती करत होती. शिवाय देवळाच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं एक नाव बिंगहॅम यांनी स्वतः पाहिलं. आगुस्तिन लिसारागा, साल १९०२. हा त्याच खोऱ्यातला शेतकरी होता, नऊ वर्षं आधी येऊन गेलेला. बिंगहॅम यांनी आपल्या वहीत त्याची नोंदही केली. पण म्हातारपणी १९४८ साली इंकांच्या हरवलेल्या नगरीवर त्यांनी जे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यात हे नाव उरलं नाही. लिसारागा बिचारा १९१२ सालीच नदीत बुडून गेला होता. तो कुणाशी भांडणार?

तरीसुद्धा बिंगहॅम यांनी काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. १९१२ साली ते मोठी मोहीम घेऊन परत आले. झाडी तोडली, नगरीचा नकाशा केला, शेकडो फोटो काढले. एप्रिल १९१३ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक या मासिकाचा अख्खा अंक त्यांनी माचू पिचूवर लिहिला आणि जगाला ती जागा कळली. त्यांचे तर्क मात्र बरेचसे चुकले. हीच इंकांची शेवटची राजधानी, असं ते जन्मभर धरून बसले. खरी राजधानी एस्पिरितू पंपा या ठिकाणी होती. गंमत म्हणजे तिथंही ते १९११ सालीच जाऊन आले होते, पण रानात दडलेला तिचा विस्तार त्यांच्या लक्षात आला नाही! माचू पिचूला सापडलेले सांगाडे बहुतेक बायकांचे आहेत, असं त्यांच्या सोबतच्या माणसानं ठरवलं. त्यावरून ही सूर्यदेवाच्या सेविकांची नगरी असं त्यांनी लिहिलं. पुढे २००० सालाच्या सुमारास तीच हाडं पुन्हा तपासली, तर पुरुष आणि बायका जवळजवळ सारखेच निघाले. आज जाणकार म्हणतात, की पंधराव्या शतकात पाचाकुती या इंका राजानं हे आपलं राहण्याचं ठिकाण बांधलं. साडेसातशे मीटर लांबीच्या दगडी पाटानं झऱ्याचं पाणी आणून ते सोळा कारंज्यांतून खाली खेळवलं आहे.

१९१४-१५ साली ते तिसऱ्यांदा गेले. तेव्हा डोंगरमाथ्यावरून माचू पिचूकडे जाणारी इंकांची जुनी वाट आणि तिच्यावरचे पडके वाडे त्यांच्या मोहिमेला सापडले. आज जगभरचे लोक पाठीवर पिशवी टाकून जातात ती हीच वाट. साधारण ४२ किलोमीटर, चार दिवस आणि तीन रात्री तंबूत. एकट्यानं जायला मनाई आहे. परवाना असलेला वाटाड्या पाहिजेच. दिवसाला पाचशेच माणसं सोडतात, त्यात वाटाडे आणि हमालही मोजतात. फेब्रुवारी महिन्यात पावसामुळे वाट बंद. दुसऱ्या दिवशीची खिंड सगळ्यांत अवघड, उंची ४२१५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीच पट. तिचं नाव वार्मीवान्युस्का, अर्थ मेलेली बाई. हवा विरळ, दहा पावलं टाकली की धाप लागते. पाहुणे हातात काठी घेऊन हळूहळू चढतात आणि हमाल मात्र तंबू, भांडी, धान्य घेऊन त्यांच्या पुढं निघून जातात, कारण पाहुणे पोचायच्या आत चहा उकळलेला पाहिजे. पूर्वी या हमालांवर वाटेल तेवढं ओझं लादत. आता वीस किलोच्या वर नाही, असा नियम झाला आहे. चौथ्या दिवशी अंधारातच उठून इंतिपुंकू म्हणजे सूर्यद्वाराशी जायचं. तिथून खाली माचू पिचू दिसतं, धुकं नसलं तर.

बिंगहॅम यांचं पुढचं आयुष्य वेगळ्याच वळणाचं झालं. पहिल्या महायुद्धात विमान चालवायला शिकले आणि फ्रान्समध्ये वैमानिकांच्या शाळेचे प्रमुख झाले. नंतर राजकारणात पडले. जानेवारी १९२५ मध्ये कनेक्टिकट राज्याचे गव्हर्नर झाले ते फक्त एका दिवसासाठी, कारण सेनेटवरही निवडून आले होते. सेनेटमध्ये १९३३ पर्यंत होते. मधे १९२९ साली कारखानदारांचा माणूस कामकाजात आणून बसवल्याबद्दल सेनेटनं त्यांच्यावर ठपका ठेवला. त्यांचा एक मुलगा दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये अमेरिकेचा अधिकारी होता. त्यानं परवाने देऊन कित्येक ज्यूंचे प्राण वाचवले. मला विचाराल तर बापापेक्षा तो मुलगा मला जास्त आवडला. १९४८ साली पेरूमध्ये माचू पिचूला चढणाऱ्या नागमोडी रस्त्याला बिंगहॅम यांचं नाव दिलं, त्या समारंभाला ते स्वतः गेले होते. ६ जून १९५६ रोजी वॉशिंग्टन इथं ते वारले.

पण एक गोष्ट राहिलीच होती. माचू पिचूला खणताना निघालेली मडकी, हत्यारं, दागिने आणि माणसांची हाडं बिंगहॅम यांनी पेट्यांत भरून येलला नेली होती. पेरू सरकारनं परत मागण्याचा आपला हक्क राखून ती नेऊ दिली होती. शेवटच्या मोहिमेच्या वस्तू तर अठरा महिन्यांच्या बोलीवर उसन्या होत्या. त्यातल्या काही परत आल्या, पण १९१२ सालच्या तिकडेच राहिल्या. पेरूचे लोक मागत राहिले. २००८ साली प्रकरण कोर्टात गेलं. २०१० साली विद्यापीठानं सगळं परत द्यायचं कबूल केलं. मार्च २०११ मध्ये पहिल्या पेट्या विमानानं पेरूत उतरल्या आणि शेवटच्या नोव्हेंबर २०१२ मध्ये. त्या वस्तू आता कुस्को शहरात कासा कोंचा नावाच्या जुन्या वाड्यात ठेवल्या आहेत. डोंगरवाटेला लागण्याआधी लोक कुस्कोत मुक्काम करतात, तेव्हा त्यांना त्या पाहायला मिळतात.