लोखंडी नांगर

बेळगावातील एका लहान कारखान्यात तयार केलेले लोखंडी नांगर गिऱ्हाइकाची वाट पाहत पडले होते. नांगरणीचा हंगाम आला आणि गेला. शेतकरी येत, नांगर न्याहाळत, त्याच्या फाळावरून हात फिरवीत आणि मान हलवून निघून जात. लोखंड जमिनीत घातले म्हणजे जमिनीला विष बाधते, अशी त्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. कारखान्याचे मालक होते लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

नांगर घडविणारा हा माणूस मुळात चित्रकार व्हावयास निघाला होता. लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. लहानपणापासून त्यांना दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रे आणि यंत्रे. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्यांची रेषा उत्तम होती, परंतु त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही, असे तेथे आढळून आले. चित्रकाराला याहून मोठे संकट कोणते? लक्ष्मणराव मात्र खिन्न होऊन गावी परतले नाहीत. रंग गेले तरी रेषा हाती होतीच, आणि यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाही. ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवू लागले. आपल्यापाशी काय नाही याचा शोक करीत न बसता काय उरले आहे ते पाहावे, ही त्यांची रीत पुढेही अनेकदा दिसते.

तंत्रशाळेतील नोकरी चांगली होती. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. तेथे 1888 मध्ये दोघा भावांनी सायकलींचे दुकान काढले होते. त्या काळी सायकल ही एक नवलाई होती. किर्लोस्कर बंधू सायकली विकत, दुरुस्त करीत आणि शुल्क घेऊन ती चालवावयासही शिकवीत.

दुकान चालत होते, मग ते कारखान्याकडे का वळले? सायकल परदेशांतून येई, आणि ती घेण्याची ऐपत मूठभर लोकांना असे. उलट बेळगावाच्या सभोवार, जिकडे नजर जाईल तिकडे शेतकरीच शेतकरी. ज्याच्यापाशी पैसा थोडा आहे, पण ज्याची संख्या अगणित आहे, अशा गिऱ्हाइकाच्या उपयोगाची वस्तू आपण स्वतः बनवावी, हे लक्ष्मणरावांचे धोरण ठरले. व्यापारात भांडवलापेक्षाही हा निर्णय मोठा असतो. काय विकावे आणि कोणास विकावे, हे एकदा चुकले की पुढचे सारे कष्ट वाया जातात. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला.

नांगर न घेणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. पण त्याच्या जागी उभे राहून पाहा. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी धान्य घेई, रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगराला रोख रक्कम हवी. तो मोडला तर बिडाचा भाग गावच्या लोहाराला सांधता येत नसे. शिवाय वर्षाचे पीक एकच. ते बुडाले तर घरातील माणसांनी खावे काय? विषाची गोष्ट खोटी होती, पण तिच्यामागची भीती खोटी नव्हती.

दुसऱ्या बाजूला नांगराची योग्यताही खरी होती. काळ्या चिवट रानात लाकडी नांगर ओढावयास बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत, तरी तो जमीन नुसती फाडीत जाई. लोखंडी नांगर खोल शिरे, ढेकूळ उलथून टाकी आणि हरळीसारख्या तणाच्या मुळ्या उन्हात उघड्या पाडी. मात्र हे दुकानात सांगून कोणास पटणार? ते शेतातच दिसावयास हवे. म्हणून पहिला नांगर विकला गेला ती घटना लहान नव्हती. एका शेतात तो चालू लागला की बांधावर उभे राहून पाहणारे दहाजण असतात. विक्री हळूहळू वाढू लागली.

एवढ्यात निराळेच संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्यावर निर्बंध घातले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. यंत्रे आहेत, कामगार आहेत, नांगराला मागणी येऊ लागली आहे आणि पायाखालची जमीन मात्र गेली! अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन कसली, ओसाड माळ तो! चोहीकडे निवडुंग माजलेला आणि त्यात नागांची वस्ती. परंतु लक्ष्मणरावांनी निवडुंगापलीकडचे लोहमार्गाचे रूळ पाहिले. ओतकामाला लागणारे लोखंड आणि दगडी कोळसा ज्या रुळांवरून येणार, त्यांवरूनच नांगर देशभर जाणार होते. सन 1910 मध्ये सुमारे पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह तेथे आले. त्यांनी निवडुंग तोडला, कारखाना उभारला आणि राहण्यासाठी घरे बांधली. तीच किर्लोस्करवाडी.

माणसे निवडण्यात लक्ष्मणरावांची दृष्टी फार पारखी होती. वसाहतीची व्यवस्था त्यांनी रामूअण्णांवर सोपविली, हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे दिला. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट राहिले होते, पण यंत्रात त्यांचे डोके विलक्षण चाले. लक्ष्मणरावांनी त्यांची पदवी पाहिली नाही, डोके पाहिले. तुरुंगातून सुटलेल्या माणसांनाही त्यांनी काम दिले, आणि तेही रात्रीच्या पहाऱ्याचे! वसाहतीत शिवाशीव पाळावयाची नाही, असा त्यांचा नियम होता.

सन 1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगर येईनासे झाले आणि किर्लोस्करांच्या नांगराची मागणी एकदम वाढली. ही सुसंधी खरी, पण अडचणही तीच होती, कारण लोखंड आणि दगडी कोळसाही दुर्मीळ झाला. कोळशाची उणीव त्यांनी लाकडाच्या कोळशावर भागविली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी लोखंडासाठी निकामी झालेल्या जुन्या तोफा त्यांना दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर झाले.

सन 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे लहानसे पत्र काढले. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचावी, हा त्यामागील हेतू. हेच पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. जाहिरातीतून वाङ्मय निघाल्याची अशी उदाहरणे थोडीच.

नांगरामागून निघालेल्या वस्तूंचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. उसाचा रस काढण्याचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आली. 1926 मध्ये पाणी उपसण्याचे पंप तयार होऊ लागले. वस्तू बदलत गेल्या, गिऱ्हाईक बदलले नाही. ज्याने नांगर घेतला, त्यालाच आता विहिरीचे पाणी वर चढवावयाचे होते. आणि आता त्याला किर्लोस्कर हे नाव ओळखीचे होते. त्यामुळे पंप विकण्यासाठी दोन वर्षे वाट पाहण्याची पाळी आली नाही.

लक्ष्मणराव काही काळ औंध संस्थानचे दिवाणही होते. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी पुणे, बंगळूर व हरिहर येथे इंजिने, विजेच्या मोटारी आणि लेथ यंत्रे बनविणारे कारखाने उभे केले होते. ज्या स्थानकावर 1910 मध्ये ती पंचवीस कुटुंबे उतरली, त्याचे कुंडल रोड हे नावही पुढे बदलले. आज त्या स्थानकाच्या फलकावर किर्लोस्करवाडी हे नाव आहे.