संप, मंदी आणि ना. म. जोशी

भारत बंद जाहीर झाला की आपल्या हॉस्टेलवर पहिला प्रश्न काय असतो? मेस चालू राहणार की नाही! दुसरा प्रश्न, उद्याचं प्रॅक्टिकल होणार का? पण ज्या कामगारांनी तो बंद पुकारलेला असतो त्यांच्या हाती काय लागतं, हे कोणी विचारत नाही. मात्र कॅम्पसला कंपन्या कमी आल्या, सीनियर्सच्या नोकऱ्या जाऊ लागल्या, की वाटतं, आपल्या बाजूने बोलणारं कोणीतरी हवं. मग मंदीत युनियन आणि संप खरंच कामाला येतात का? याचं उत्तर मला एका माणसाच्या चरित्रात सापडलं. लोअर परळला इंटरव्ह्यूला गेलेल्यांनी त्यांचं नाव पाटीवर वाचलं असेल : ना. म. जोशी मार्ग.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म 5 जून 1879 चा, गोरेगावचा. मुंबईचं गोरेगाव नव्हे, रायगड जिल्ह्यातलं माणगावजवळचं. पुण्यात डेक्कन कॉलेजमधून ते पदवीधर झाले, काही वर्षं शिक्षक होते. 1909 साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने अशी कामं लीगने केली. म्हणजे संपाच्या कितीतरी आधी जोशी कामगारांच्या चाळीत पोहोचले होते.

1920 मध्ये मुंबईत आयटक ही देशपातळीवरची पहिली मोठी कामगार संघटना स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय होते आणि उभारणी करणाऱ्यांत जोशी प्रमुख होते. त्या काळी युनियन काढणं हेच धोक्याचं होतं. मद्रासला संपाच्या पुढाऱ्यांवर मालकांनी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावला होता! जोशींनी 1921 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात युनियनना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी केली. तो ट्रेड युनियन कायदा 1926 साली झाला.

आता मंदीकडे येऊ. पहिल्या महायुद्धानंतर गिरण्यांनी भरपूर नफा कमावला, पण 1923 नंतर माल पडून राहू लागला. जपानी कापडाची स्पर्धा होतीच. 1925 मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. जोशी मदतनिधी आणि वाटाघाटी यांत गुंतले होते. शेवट मोठा विचार करण्यासारखा आहे. देशी कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता, तो मालकांनाही नको होता. डिसेंबर 1925 मध्ये सरकारने तो स्थगित केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. म्हणजे मंदीतला संप जिंकला! पण मालकाला सोडायला काहीतरी मिळालं, म्हणून जिंकला.

इथे आपल्या भागाचाही संबंध येतो. मी पिंपरी पेंढारची. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे गावच्या गोष्टी मला सुट्टीतच ऐकायला मिळायच्या. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातली अनेक माणसं माळशेज घाट उतरून मुंबईला गिरणीत गेली. संप लांबला की गिरणी कामगार गावी यायचा, शेतात राबायचा, घरची बाजरीची भाकरी खायचा. युनियनकडे पैसा थोडाच असे. कोकण असो की घाट, खरा संपनिधी म्हणजे गावाकडची घरं होती.

1928 चा संप तर आपल्या इंजिनियरिंगच्या विषयातलाच. खर्च कमी करायला गिरण्यांनी एका कामगाराला जास्त माग, जास्त चात्या सांभाळायला लावल्या. आपण ज्याला एफिशियन्सी म्हणतो तेच. जोशी स्वभावाने मवाळ, सार्वत्रिक संपाला आधी तयार नव्हते. तरी कामगार उतरल्यावर ते मागे राहिले नाहीत. डांगे यांच्याबरोबर संयुक्त संप समितीचे ते चिटणीस झाले. हा संप सुमारे सहा महिने चालला आणि ऑक्टोबरमध्ये चौकशी समितीवर मिटला.

पुढच्याच वर्षी, 1929 मध्ये, पुन्हा संप झाला. मोठे पुढारी मीरत खटल्यात अटकेत, कामगार थकलेले, घरातलं संपलेलं. तो संप फसला आणि गिरणी कामगार युनियन खिळखिळी झाली. त्यावर जागतिक मंदी आली. 1933-34 मध्ये गिरण्यांनी मजुरी कापली तेव्हा अडवायला मजबूत संघटनाच उरली नव्हती. 1934 चा संपही कपात थांबवू शकला नाही.

हिशोब सोपा आहे. तेजीत गिरणी बंद पडली की मालकाचं रोजचं नुकसान होतं. मंदीत गोदामात माल पडून असतो, तेव्हा बंद गिरणी मालकाला सोयीचीही ठरू शकते! जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या दत्ता सामंतांच्या संपात जवळपास अडीच लाख कामगार होते. अनेकांना गिरणी परत दिसलीच नाही.

मग युनियन नकोच का? मला तसं वाटत नाही. 1929 मध्ये आयटकमध्ये फूट पडली, जोशी बाहेर पडले. पण ते खचले नाहीत. रॉयल कमिशनवर बसून त्यांनी कामगारांची बाजू मांडली. पगार वेळेवर देण्याचा कायदा 1936 मध्ये झाला. संघटना पुन्हा एक झाल्यावर 1940 मध्ये ते परत आयटकचे सरचिटणीस झाले. 30 मे 1955 ला ते गेले.

मित्रांनो, 1929 ला संप होता पण मागची संघटना दमली होती, म्हणून मंदीत कामगार उघडा पडला. संप हे शेवटचं हत्यार आहे, युनियन हे रोजचं काम आहे. वर्गणी, वाचनालय, कायदा, वाटाघाट हे सगळं चांगल्या दिवसांतच उभं करावं लागतं. उद्या आपल्यातले काही जण नोकरी करतील आणि काही जण मॅनेजर होऊन माणसं कमी करण्याच्या यादीवर सही करतील. दोघांनीही लोअर परळची ती पाटी लक्षात ठेवावी, एवढंच!