रॉक्नी आणि त्यांचा वारस

थोरांच्या गादीवर येणाऱ्यास न्याय मिळणे दुर्घट असते. नॉर्वेत १८८८ मध्ये जन्मलेले नूट रॉक्नी बालपणीच शिकागोस आले. टपालखात्यात कारकुनी करून साठविलेल्या पैशावर ते १९१० मध्ये इंडियाना राज्यातील नॉटर डेम विद्यापीठात दाखल झाले. पुढे तेथेच रसायनशास्त्र शिकवू लागले. १९१८ पासून विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक या नात्याने त्यांनी १०५ सामने जिंकले, अवघे १२ गमावले. ३१ मार्च १९३१ रोजी विमान-अपघातात त्यांचा अंत झाला.

त्यांचेच शिष्य हंक अँडरसन वारस ठरले. पहिल्या दोन मोसमांत १३ विजय मिळवूनही चाहते त्यांना गुरूच्याच मापाने मोजीत राहिले. १९३३ मध्ये ९ पैकी ५ सामने हरताच त्यांना पद सोडावे लागले. वस्तुतः १९२८ मध्ये खुद्द रॉक्नींनीही ९ पैकी ४ सामने गमावले होते. मात्र त्यांच्या पाठीशी दहा वर्षांची पुण्याई होती. त्यांना अवधी मिळाला आणि पुढील दोन्ही मोसमांत संघ अजिंक्य राहिला. वारसाला ही पुण्याई उसनी मिळत नाही. म्हणूनच गुरूविषयीचा आदर शिष्याला अवधी देण्यातून प्रकट व्हावयास हवा.