स्थिर चित्रांना चालवणारे दादासाहेब

इफ्तारला थोडा वेळ होता. आष्टीत आमच्या ओट्यावर बसलेल्या मुलांनी मोबाइलवर एक चित्र दाखवले. चित्र स्थिर, पण त्यातली वर्तुळे गरगर फिरताना दिसत होती. एकावर नजर रोखली की ते थांबे आणि शेजारचे फिरू लागे. उजळ-गडद छटांच्या मांडणीने नजर फसते, एवढेच. नजरेच्या अशाच एका भ्रमासाठी धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, यांनी आयुष्य पणाला लावले.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्रा येथे फोटोग्राफीचा धंदा मांडला, तर प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे ते जादूचे प्रयोग शिकले, छपाईच्या धंद्यात नाव कमावले आणि भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला. वय चाळिशीचे, हाताला काम नाही. अशा वेळी गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्तांच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्याकडच्या कथाही अशा पडद्यावर आणायच्या, हे मनाशी ठरवले.

सिनेमात हलते असे काहीच नसते. किंचित वेगळी असलेली स्थिर चित्रे भराभर डोळ्यांपुढून जातात, मूकपटांच्या काळी सेकंदाला साधारण सोळा, आणि मेंदू ती जोडून घेतो. हे गणित उमगावे म्हणून दादासाहेब रात्रंदिवस चित्रपट पाहत राहिले. झोप तुटली, दृष्टी अधू झाली, काही काळ दिसेनासेच झाले. उपचारांनी नजर परत आली आणि ते पुन्हा त्याच कामाला लागले.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. आता भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवायची होती. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटला, वेल वाढली. ते पाहून कर्ज मिळाले. तरीही पैसा पुरेना, तेव्हा दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतचा भार त्यांनीच उचलला. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

पुढे बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. आज देशातला चित्रपटसृष्टीचा सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

रमजानमध्ये आम्ही सब्र, म्हणजे धीर, हा शब्द वारंवार उच्चारतो. कोंब फुटेपर्यंत कुंडीसमोर थांबलेला हा माणूस आठवला की त्याचा अर्थ मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.